चित्रात नाही, नकाशात आहे

(रोहा इथं पेण आणि रोह्याच्या पोरापोरींपुढं केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडी काटछाट करून.)



तुम्ही मला कविता वाचायला बोलावलंत आणि मी म्हणालो, जपानी चित्रांवर बोलतो. तेव्हा आपल्याच एका कार्यकर्त्यानं फोनवर विचारलं, "अरे, जपानचं काय घेऊन बसलास? इथं समाजमंदिराचं छप्पर गळतंय." बरोबर आहे त्याचं. आत्ता माझ्या डोक्यावरच गळतंय. पण चित्रही पावसाचंच आहे, तेव्हा चालवून घ्या.

मी मॅट्रिक झालेला माणूस. आर्ट स्कूलची पायरी चढलेलो नाही. न्हावाशेव्याच्या बाजूला कंटेनर रिकामे करतो. दोन वर्षांपूर्वी एका कंटेनरमध्ये मशिनच्या सुट्या भागांच्या पेट्या होत्या. एका पेटीत फटीत कोंबलेलं जुनं कॅलेंडर निघालं, दोन पानं फाटलेलं. मुकादम म्हणाला, फेक. मी शर्टात घातलं. नंतर कुठंतरी वाचलं की ही चित्रं युरोपात पहिल्यांदा अशीच पोचली म्हणतात, चिनीमातीच्या भांड्यांभोवती गुंडाळलेल्या रद्दीतून. खरं-खोटं कोण जाणे. पण ती पेटी कुणीतरी हमालानंच फोडली असणार, एवढं नक्की.

तर पान उलटलं आणि पाऊस. तिरपा, काळपट, जुलैत आपल्या सुकेळी खिंडीत कोसळतो तसला. चढणीवर दोन माणसं डोली खांद्यावर घेऊन निघालीत, पाय उघडे, माना खाली. डोलीत कोण आहे ते दिसत नाही, तिच्यावर पावसाचं आच्छादन आहे. म्हणजे आतला कोरडा आणि उचलणारे भिजलेले. उतारावर एकजण छत्री आडवी धरून पळतोय, एकजण गवताचा झगा पांघरून. मागं बांबूचं बन वाऱ्यानं वाकलंय, थरावर थर, नुसत्या करड्या रंगात. तो गवताचा झगा बघितला आणि मी तिथंच उकिडवा बसलो. माझी आजी लावणीला इरलं घेऊन जायची. बांबूच्या कामट्या, पळसाची पानं. तिची पाठ अशीच दिसायची. आजवर मी आजीची पाठ कुठल्या चित्रात बघितली नव्हती. ती मला जपानात सापडली.

त्या चित्राचं नाव शोनो. काढणारा हिरोशिगे, जन्म १७९७, मरण १८५८, एडो शहरातल्या आग विझवणाऱ्या पथकातल्या साध्या शिपाईगड्याचा पोरगा. एडो म्हणजे आजचं टोकियो. तिथून क्योतोला जाणारा तोकाइदो नावाचा रस्ता, त्यावर ५३ मुक्काम. हिरोशिगेनं १८३३-३४ च्या सुमाराला प्रत्येक मुक्कामाचं एक, निघायचं एक आणि पोचायचं एक, अशी ५५ चित्रं केली. असं समजा की कुणी पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड करत गोव्यापर्यंत गेला आणि दर नाक्याचं चित्र काढलं. देवळाचं नव्हे, नाक्याचं. टपरी, हमाल, घोडेवाले, थंडीनं शेकोटीभोवती जमलेली माणसं. गोयु नावाच्या मुक्कामाच्या चित्रात तर खानावळीच्या बायका प्रवाशाच्या गळ्यातलं गाठोडं धरून त्याला आत ओढतायत आणि त्याचा गळा आवळला जातोय. वडखळ नाक्यावर गाडी थांबली की पापड-पोहेवाले खिडकीशी येतात, तसंच.

या चित्रांना उकियो-ए म्हणतात. उकियो म्हणजे तरंगतं जग. पण आधी हाच उच्चार बौद्धांच्या बोलण्यात होता आणि त्याचा अर्थ होता दुःखानं भरलेलं जग. शहरातल्या लोकांनी अक्षर बदललं आणि दुःखाची मौज केली. यावर पुढं येतो.

ही चित्रं हातानं रंगवलेली नाहीत, छापलेली आहेत. चित्रकार कागदावर रेघांचं चित्र काढून देणार. तो कागद चेरीच्या लाकडी फळीवर उलटा चिकटवायचा आणि कोरक्यानं रेघ तेवढी ठेवून बाकीचं लाकूड खोदून काढायचं. मग प्रत्येक रंगाची वेगळी फळी. छापणारा फळीवर रंग लावणार, वर कागद ठेवून बांबूच्या सालीच्या चकतीनं हातानं घासणार. दहा रंग तर दहा वेळा, आणि प्रत्येक वेळी कागद त्याच खुणेवर. पैसा लावणारा प्रकाशक चौथा. एक चित्र शेवयांच्या वाडग्या-दोन वाडग्यांच्या भावात मिळायचं. दहा लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, त्यातला सुतार, न्हावी, मासेवाला हे घेऊन भिंतीला लावू शकत होता.

पेणवाल्यांना हे समजवायला नको. हमरापूर, जोह्याला काय चालतं? एक साच्यात भरतो, एक घासतो, एक अंगाचा रंग मारतो आणि डोळ्यांची आखणी करणारा वेगळा. आपण गणपती मानत नाही, ५६ सालच्या प्रतिज्ञांत ते आहे. तरी सीझनला आपल्यातली पोरं तिथं रोजावर बसतात, मला माहीत आहे. माना खाली घालू नका, पोटाचा धंदा आहे. मी सांगतोय ते वेगळं. मूर्ती "पेणची" म्हणून परदेशात जाते, पण डोळे कुणी आखले ते कुठं लिहिलेलं नसतं. तिकडंही तेच. चित्रावर चित्रकाराची सही, प्रकाशकाचा शिक्का, सरकारी तपासणीचा शिक्का. कोरक्याचं आणि छापणाऱ्याचं नाव क्वचित. शोनोच्या चित्रात तर गंमत बघा. पळणाऱ्या माणसाच्या छत्रीवर अक्षरं आहेत. काय, तर प्रकाशकाचं नाव, ताकेनोउची. भर पावसात बेट्यानं जाहिरात केलीय! आणि ज्यानं तो पाऊस लाकडातून एकेक रेघ करून कोरला, केसासारखी बारीक रेघ, त्याचा पत्ता नाही.

निळ्या रंगाचंही सांगून टाकतो. त्या काळात या चित्रांत जो गडद निळा एकाएकी आला, होकुसाईच्या त्या मोठ्या लाटेत आहे तो, तो बर्लिनमध्ये शोधलेला रंग. डच जहाजांतून नागासाकीच्या धक्क्यावर उतरायचा. म्हणजे तोही हमालांच्या पाठीवरून आला. बाकी निळ्याबद्दल मी तुम्हाला काय सांगू.

आता माझं लाडकं चित्र. लाडकं म्हणजे राग येतो म्हणून लाडकं. तोकाइदोवर ओई नावाची रुंद नदी आहे, एका काठाला शिमादा, दुसऱ्या काठाला कानाया. तिच्यावर पूल नव्हता. बांधता येत नव्हता असं नाही, बांधू दिला नव्हता. नावही चालू दिली नव्हती, राजधानीवर कुणी फौज आणू नये म्हणून. मग लोकांनी नदी ओलांडायची कशी? माणसांच्या खांद्यावरून. त्यांना कावागोशी म्हणत. गरीब प्रवासी खांद्यावर बसायचा, पैसेवाला लाकडी पाटावर, सरदार असेल तर पालखीसकट मोठ्या पाटावर आणि खाली वीस-वीस माणसं. आणि मजुरी ठरायची कशी? पाण्यावरून. पाणी मांडीला एक दर, कमरेला दुसरा, छातीला तिसरा. त्याच्या वर चढलं की नदी बंद आणि त्या दिवशी मजुरीही बंद.

मित्रांनो, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मजुराचं अंग हीच मोजपट्टी! आम्हाला नगावर मिळतं, टनावर मिळतं, पण छातीला पाणी लागल्यावर इतके, असा लेखी दर मी ऐकला नव्हता. हिरोशिगेनं हे चित्र उंचावरून काढलंय, टेकडीवर बसून बघावं तसं. सरदाराचा अख्खा लवाजमा नदी ओलांडतोय आणि उचलणारी माणसं मुंग्यांएवढी. सुंदर दिसतं. वाळूचे पट्टे, निळे पट्टे, त्यात ठिपके. पण माझ्यासारखा माणूस त्या ठिपक्यांत आपला खांदा शोधतो. शोनोत चित्रकार डोलीवाल्यांच्या बरोबरीनं रस्त्यावर उतरला होता, इथं तो टेकडीवर जाऊन बसला. माझा त्याच्याशी वाद आहे तो इथं.

१८७० च्या सुमाराला नव्या सरकारनं नावेला परवानगी दिली आणि कावागोशींचं काम गेलं. त्यातले कित्येक शेजारच्या माकिनोहाराच्या माळावर गेले, जमीन फोडून चहा लावू लागले. माझा आजा मुंबईच्या गोदीत टोळीत होता. आकडा, बारदान, जहाजाच्या पोटातली साखर. कंटेनर आला, १९८९ मध्ये न्हावाशेवा सुरू झालं आणि मुंबईच्या धक्क्यावरच्या टोळ्या विरघळत गेल्या. त्याला कुठला माळ मिळाला नाही. तो गावाला येऊन ओट्यावर बसला आणि हात वळवळले की माझ्या पाठीवर आकडा कसा मारायचा ते दाखवायचा.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे छापील चित्रं नव्हती का? होती की. पुण्याची चित्रशाळा १८७८ ची. रविवर्म्याचा छापखाना १८९४ चा, आधी मुंबईत, मग लोणावळ्याजवळ मळवलीला. रंगीत, स्वस्त, घरोघर गेलेली चित्रं. पण काय छापलं? लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन, पेशवे. दगडावरून रंग उतरवायची विद्या हाती आली आणि तिच्यातून पहिले बाहेर आले ते देव. देवळात आम्हाला येऊ देत नव्हते, तर देवच कागदावर बसून भिंतीभिंतीवर आले. मुंबईच्या हमालाचं, सुरुंग लावून खडी फोडणाऱ्या बाईचं चित्र छापून कुणी घरात लावायला विकलं, असं काही माझ्या बघण्यात नाही. आमच्या घरात भिंतीवर पहिलं छापील चित्र आलं ते ६ डिसेंबरला दादरच्या फुटपाथवरून घेतलेलं, बाबासाहेबांचं. एडोच्या न्हाव्यानं शेवयांच्या भावात जे घेतलं, तसंच हेही, वडापावच्या भावात.

एक जपानी चित्रकार आपल्याकडे येऊन गेलाही. योशिदा हिरोशी. १९३०-३१ च्या सुमाराला हिंदुस्थानभर फिरला आणि लाकडी ठशांत अजिंठ्याचं लेणं केलं, सांचीचं तोरण केलं. फार देखणी आहेत. त्याच दिवसांत नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी आपली माणसं लाठ्या खात होती. तो परका, त्याला काय कळणार? पण मी बघतो तेव्हा मला ते दोन्ही एकदम दिसतं.

इथपर्यंत मी या चित्रांच्या प्रेमात होतो. मग एक दिवस शाळा आठवली. चौथीत असेन. बाईंनी सांगितलं, माझं गाव काढा. सगळ्यांनी दोन डोंगर, मधून सूर्य, देऊळ, नदी. मी आमची वाडी काढली. ओढ्याच्या अलीकडची. कौलं, डुकरं, ओढ्यात पडलेली मेलेली म्हैस. बाई म्हणाल्या, "हे कशाला काढलंस? गाव काढ." मी खोडलं आणि डोंगर काढला. खोडताना कागद फाटला. तेव्हा मी कॅलेंडर परत काढलं आणि पानापानावर शोधलं, इथं ओढ्याच्या अलीकडचे कुठं आहेत?

कारण होते. जपानात होते. एता आणि हिनिन. एता म्हणजे ज्यात पुष्कळ घाण आहे तो. हिनिन म्हणजे माणूस नसलेला. मेलेलं ढोर ओढायचं, कातडं सोलायचं, कमवायचं, फाशी दिलेल्याचं प्रेत उचलायचं. वेगळी वस्ती, लग्न आपसांत, धंदा पिढीजात. ओळखीचं वाटतंय ना? एडोत त्यांचा सरकारनं नेमलेला पिढीजात प्रमुख असायचा, त्याला दानझाएमोन म्हणत. त्याची भिंतीआडची वस्ती असाकुसा भागात, सान्या कालव्याच्या अगदी जवळ. आणि हिरोशिगेचं एक प्रसिद्ध चित्र आहे सान्या कालव्याच्या रात्रीचं, एडोच्या शंभर देखाव्यांच्या मालिकेतलं, १८५६ ते ५८ मधलं. काळी नदी, वर चांदण्या, पलीकडे खानावळींचे दिवे, पुढं नटलेली बाई चाललीय. दिव्यांच्या उजेडात सगळं आहे, त्या दिव्यांमागची वस्ती तेवढी नाही.

अगदीच नाही असंही नाही. नव्या वर्षाला दारोदार शामिसेन वाजवत गाणाऱ्या तोरिओई नावाच्या बायका चित्रांत भेटतात, मोठ्या टोपीखाली चेहरा, सुंदर काढलेल्या. त्या हिनिन. गाणारी बाई चालते, कातडं सोलणारा चालत नाही. तमाशाच्या फडाला आपली बाई चालते, विहिरीवर चालत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला पाहिजे?

आणि कळस पुढंच आहे. या चित्रांचा कागद रंग फुटू नये म्हणून आधी तयार करावा लागतो. कशानं? तुरटी आणि सरस. सरस म्हणजे ढोराचं कातडं, हाडं उकळून काढलेला चिकट रस, आपले सुतार वापरायचे तोच. आणि कातड्याचं काम कुणाचं? म्हणजे एडोतल्या त्या चांदण्या ज्या कागदावर ठरल्या, त्या कागदाला आमच्यासारख्यांचे हात आधीच लागलेले आहेत. शहरानं त्यांना चित्रात घेतलं नाही, पण त्यांच्या सरसाशिवाय चित्रही टिकलं नाही.

बुद्धाच्या देशात हे कसं, असं तुमच्यापैकी कुणीतरी विचारणारच. मलाही बोचलं. पण लपवून काय करू? प्राणी मारणं पाप, म्हणून कातडं सोलणारा अपवित्र, असं तिथल्या भिक्षूंनीच सांगितलं. कातडी जोडे घालणाऱ्यांना नाही सांगितलं. मेल्यावर बौद्ध देवळातून जे धर्मनाव देतात, त्यातसुद्धा एतांच्या थडग्यांवर पशू अशा अर्थाची अक्षरं कोरली. उकियोचं दुःख मौजेत बदलता आलं ते ज्यांना बदलता आलं त्यांना. आपल्याला बाबासाहेबांनी बुद्ध दिला तो असा भिक्षूंच्या हातून नाही दिला, हे बरं लक्षात ठेवा.

चित्रात नाहीत म्हणजे कुठंच नाहीत काय? आहेत. नकाशात. तेच लाकूड, तोच कोरक्या, तसाच कागद. एडोच्या काळातल्या छापील नकाशांवर वस्तीवर स्पष्ट लिहिलंय, एता गाव. १८७१ मध्ये सरकारनं हुकूम काढून ही नावं रद्द केली. वस्त्यांना मग बुराकू म्हणू लागले. जात गेली? १९७५ साली उघडकीला आलं की मोठमोठ्या कंपन्या बुराकू वस्त्यांच्या नावांची छापील यादी चोरून विकत घेत होत्या, नोकरीला आलेला पोरगा कुठल्या वस्तीतला ते तपासायला. आणि २००९ मध्ये गूगल अर्थनं जुने ठशाचे नकाशे आजच्या शहरांवर पसरून दाखवले, तेव्हा ती जुनी अक्षरं आजच्या गल्ल्यांवर नेमकी येऊन बसली. बोट ठेवलं की घर. ओरड झाली, मग नावं पुसली.

मला या गोष्टीनं खरं हलवलं. चित्रात घ्यायचं म्हटलं की आम्ही दिसत नाही आणि नोकरी, भाडं, सोयरीक आली की आमचा पत्ता बरोब्बर सापडतो. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. चांगलं केलं. पाटी बदलली. पण पेणच्या स्टँडवर रिक्षावाल्याला नवं नाव सांगा, तो आरशातून बघतो आणि म्हणतो, "म्हणजे ती खालची वाडी ना?" नाव पुसून भागत नाही आणि नाव लिहूनही भागत नाही. फळी कुणाच्या हातात आहे, वादाचा मुद्दा हा आहे.

तिथल्या लोकांनी फळी हातात घेतली. ३ मार्च १९२२ ला क्योतोत त्यांनी सुइहेइशा काढली, सगळं एका पातळीत आणणाऱ्यांची संघटना, आणि जाहीर केलं की एता असल्याचा आम्हाला अभिमान आहे. पाच वर्षांनी, २० मार्च १९२७ ला, याच रस्त्यानं पुढं महाडला बाबासाहेब चवदार तळ्यात उतरले. त्याच परिषदेत मेलेलं ढोर ओढायचं सोडा म्हणाले. दोन्हीकडं कुणी कुणाला विचारून केलं नव्हतं.

म्हणून माझं एक म्हणणं आहे, कविता बाजूला ठेवून. पनवेल ते महाड, दर नाक्याचं एक चित्र आपण लाकडावर कोरायचं. पेणच्या खाडीकडची मिठागरं, त्यात अनवाणी उभी बाई. दिवा-रोहा गाडीचा डबा, सकाळचा. धाटावच्या कारखान्यांच्या गेटवर डबा घेऊन थांबलेली कंत्राटी पोरं. कुंडलिकेचा काठ. कोलाडला तराफ्यात बसायला आलेले मुंबईचे लोक आणि तराफा उचलून नेणारे आपले. महाडचं तळं, पण २१ मार्चचं, माणसं परत गेल्यावरचं. आणि आपली वाडी, आपल्या बाजूनं बघितलेली, म्हशीसकट. टेकडीवरून काढायचं नाही. खाली कोरणाऱ्याचं नाव, छापणाऱ्याचंही. ज्याला आपल्या वाडीचं नाव द्यायचं नाही त्यानं देऊ नये, त्याला कुणी भेकड म्हणायचं नाही. नोकरी त्याची जाते, आपली नाही.

चेरीचं लाकूड कुठून आणणार, असं विचारू नका. पेट्यांच्या फळ्या गोदीत रोज जाळतात, त्यातल्या सपाट मी बाजूला काढून ठेवल्यात, चौदा आहेत. पाइन आहे, मऊ आहे, बारीक रेघ धरणार नाही, जाड कोरा. नाहीतर सायकलच्या दुकानातून टायरचं रबर. हमरापूरचा आपला एक दोस्त डोळ्यांची आखणी करतो, त्याचा हात बघण्यासारखा आहे, रेघ तो शिकवेल. तो आज आलाय, मागं बसलाय, लाजतोय. रंग एक काळा आणि एक निळा, बस. छापून झालं की ६ डिसेंबरला दादरला नेऊ, फुटपाथवर मांडू, वडापावच्या भावात.

पेणच्या मुलामुलींना परतीची गाडी धरायचीय, म्हणून थांबतो. ज्यांना फळी पाहिजे त्यांनी दाराशी या, पोत्यात आहेत. खिळे मी काढलेत, तरी हात जपून घाला.